जीभ दाखवा

ऑक्टोबर लागला तरी पाऊस बिरवाडीतून हलायला तयार नव्हता. दुपारी औद्योगिक वसाहतीतली पहिली पाळी सुटली आणि भिकाजीकाकांच्या मेडिकलची पायरी एक निथळता तरुण चढून आला. काउंटरवर कामाला उज्वला होती. त्यानं खिशातून गोळ्यांची पट्टी काढून तिच्यापुढे ठेवली.

“बदलून हवीय का?”

“नाय... तुमच्यासमोर घ्यायचीय.”

चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणारे उज्वलानं पुष्कळ पाहिले होते. हे मागणं नवीन होतं. त्यानं मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. नाव अश्वजित, गाव शिवथरच्या खोऱ्यातलं. दारू सुटावी म्हणून महाडच्या डॉक्टरांनी ही गोळी दिलेली; ती अंगात असताना प्यायलं की ओकाऱ्या. रोज एक, आणि तीही घरच्या माणसाच्या डोळ्यांदेखत.

“खोलीवर मी एकटाच. भिंतीवर एक पाल हाय... तिच्यासमोर घेतली तर चालंल का?”

उज्वलाला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्यानं गोळी गिळली.

“जीभ दाखवा,” ती म्हणाली.

त्यानं मुकाट्यानं दाखवली. प्रेमाची सुरुवात म्हणून हे दृश्य काही फार देखणं नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. पहिली पाळी असली की तो दुपारी चारला यायचा, दुसरी असली की बाराला. पाळी दर आठवड्याला बदलायची, आणि उज्वलाचं जेवण तिच्यामागोमाग पुढे-मागे व्हायचं. हे फक्त काकांच्या लक्षात आलं होतं.

“आज बांगड्या हिरव्या?” तो विचारायचा.

“तोंड गोळीसाठी उघडायचं असतं.”

“गोळी गेली की पोटात.”

“मग आता मिटा...”

तो हसत निघून जायचा आणि ती उगाच बरण्या पुसत राहायची. तो तिला आवडू लागला होता. पण दारू पिणाऱ्याच्या वाटेला जायचं नाही, हे तिनं दहावीत असतानाच ठरवलेलं होतं, आणि ती दिल्या शब्दाला जागणारी मुलगी होती; शब्द स्वतःला दिलेला असला तरी.

डिसेंबरात चुलतभावाच्या हळदीला अश्वजित गावी गेला. आठ दिवसांनी परतला तेव्हा चेहरा उतरलेला होता. तिनं काही विचारायच्या आतच म्हणाला, “घेतली. एकच गिलास. चार दिस गोळी बुडवली होती, तरी अंगात होतीच... ओकून ओकून आडवा झालो. पोरांनी पोलादपूरला दवाखान्यात नेला. काल डॉक्टरांना भेटलो, परत चालू करा म्हणाले.”

“मला कशाला सांगता?”

“मग कुणाला सांगू?”

उज्वलाचा आवाज चढला. “माझ्या आईनं वीस वर्षं माझ्या बापाचं तोंड हुंगलं, अश्वजित. बाप गेला त्या दिवशीसुद्धा तिनं आधी वास घेतला, मग रडली. मला ते काम नको.”

त्यानं पेला उचलला. गोळी गिळली, न सांगता जीभ दाखवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

नऊ दिवस गेले. तो परत प्यायला लागला असणार, असं उज्वलानं धरून चालायचं ठरवलं. बरं झालं, सुटले, असंही मनाशी म्हणून पाहिलं. पण चार वाजले की नजर पायरीवर जायचीच, आणि रात्री आईशेजारी पडलं की रडू यायचं.

दहाव्या दिवशी बनुबाई बाम न्यायला आली. अश्वजित तिच्याच चाळीत भाड्यानं राहायचा.

“त्या माझ्या भाडेकऱ्यानं डोक्याला ताप केलाय गो! रोज सकाळी गोळी गिळून चुलीपुढं आ करून उभा. बिनचष्म्याची मी, मला मेलीला काय दिसतंय? आता आठ दिस लेकीकडं चाललेय. त्याला सांगितलंय, जा मेडिकलात.”

बामाची बाटली उज्वलाच्या हातात तशीच राहिली.

चारला तो आला. पायरीवरच थांबला.

“माझ्याकडे यायचं का सोडलंत?”

“तुम्ही आईचं सांगितलंत... मी तुम्हाला तेच काम लावलेलं, नाय का?” त्यानं पट्टी बोटांत फिरवली. “आणि दुसरं म्हणजे... झडती घेणाऱ्या पोलिसाला कुणी लग्नाचं विचारतं का?”

बाहेर कामगारांची बस धूळ उडवत गेली. उज्वलानं पेला विसळला.

“परत चुकलात तर?”

“चुकणार नाय असं सांगत नाय. आधी डॉक्टरांना सांगीन, मग तुम्हाला. लपवणार नाय.”

तिनं पाणी ओतलं, पेला काउंटरवर ठेवला. मग मागे वळून हाक मारली, “काका, यांची गोळी तेवढी तुम्ही बघा. आजपासून मी बघणार नाही.”

भिकाजीकाका चष्मा सावरत पुढे आले. “का गो? भांडण झालं?”

“नाही,” उज्वला म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले. “उलटंच झालं.”