अनुमान-किल्ली

बार्शीच्या रेशन दुकानात यंत्राने पूनम ढेकळेला तिच्या दुसऱ्या नावाने हाक मारली, तेव्हा रांगेत तिच्या मागेच अश्लेषा वाघमोडे उभी होती. आणि खरं सांगायचं तर ती मनातून खूश झाली.

"नमस्कार, शर्वरी किरण ताटे, पूर्वाश्रमीच्या पूनम सोपान ढेकळे. आपल्या दोन्ही नोंदी आता एक झाल्या आहेत. अभिनंदन." आवाज बाईचा, गोड, बँकेच्या फोनवर असतो तसला.

दुकानदार शेटे हसले. "काय पूनमताई, लग्न झालंय होय तुमचं? आम्हाला पत्ताच नाही. पेढे कुठायत?"

पूनमने चटका बसल्यासारखा अंगठा काढून घेतला. तांदळाची पिशवी काट्यावर तशीच ठेवून ती दुकानाबाहेर पडली.

"तांदूळ तरी न्या की," शेटे मागून म्हणाले. मग रांगेकडे बघून, "काय बाई आहे. पेढे मागितले, जीव नाही मागितला."

अश्लेषा धान्य न्यायला आलीच नव्हती. आपण केलेलं काम चालतं कसं, ते बघायला आली होती. राज्याच्या नागरिक-कोषाची नवी आवृत्ती नुकतीच सुरू झाली होती आणि तिच्यातली सगळ्यात गाजलेली सुधारणा अश्लेषाच्या डोक्यातून निघालेली होती.

कोष म्हणजे शेवटी कोष्टकांचा ढीग. एका कोष्टकात माणसं, दुसऱ्यात रेशन, तिसऱ्यात जमिनी, चौथ्यात शाळेतली पोरं. एका कोष्टकातला माणूस दुसऱ्यात शोधायचा तर दोन्हीकडे त्याची एकच खूण लागते. त्या खुणेला कोषवाले किल्ली म्हणतात. जुन्या आवृत्तीला किल्ली माणसाने द्यावी लागायची. आणि आपल्याकडच्या बायकांची किल्ली लग्नातच हरवते. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. जन्माचं नाव गेलं, बापाचं गेलं, आडनावही गेलं. अंगठ्याचे ठसे म्हणाल, तर धुणीभांडी करून ते इतके झिजतात की दर खेपेला नवीनच बाई उभी राहिल्यासारखी वाटते. बाई तीच, पण कागदावर दोन, आणि त्या दोघींची एकमेकींशी ओळख नाही.

अश्लेषाच्या आईचं असंच झालं होतं. माहेरची कौसल्या, सासरची सुनंदा. बापाच्या जमिनीत वाटा मागितला तेव्हा सख्ख्या भावांनी कोर्टात सांगितलं की ही कौसल्या नव्हेच. आई तारखांना जात राहिली आणि भाऊ तिला कोर्टाच्या आवारात चहा पाजत राहिले. त्या चहाचा राग अश्लेषाने अभ्यासात घातला, नोकरीत घातला आणि शेवटी नव्या आवृत्तीत घातला. तिची 'अनुमान-किल्ली' कुणी द्यावी लागत नव्हती. रक्तगट, बाळंतपणाचा दवाखाना, सहीची ढब, फोनवरचा आवाज, असे सुटे दुवे जुळवून कोष ती स्वतःच घडवायचा. सुरू झाल्याबरोबर हजारो बायकांच्या अडकलेल्या पेन्शनी सुटल्या. आईच्या वकिलाचा फोन आला, की आता केस आपलीच.

म्हणून ती पूनमच्या मागे गेली तेही कौतुक ऐकायला मिळेल या आशेनेच.

पूनम पंक्चरच्या दुकानाच्या आडोशाला उभी होती.

"ताई, मी त्या कोषातच काम करते. काही चुकलं का?"

"डाव्या बाजूनं बोला. उजव्या कानानं ऐकू येत नाही मला. सासर सोडलं तेव्हापासून." पूनमचा आवाज अगदी सपाट होता. "चुकलं काही नाही. बरोबर ओळखलं त्यानं. आता त्याला कळणार का?"

"कुणाला?"

"ज्यानं ताटात नाव लिहिलं त्याला."

अश्लेषाला तो नियम आठवला. दोन नोंदी एक झाल्या की कुटुंबप्रमुखाला निरोप जायचा. हे ठरलं त्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं, कुटुंबप्रमुख कोण धरायचा? केंद्रप्रमुख कुलथे म्हणाले होते, "नवरा, आणखी कोण?" सगळे हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. अश्लेषाही हसली होती. नाव बदललेली बाई म्हणजे नांदती बाई, याच्या पलीकडे त्या खोलीत कुणाचं डोकं चाललंच नाही.

"पोलिसांत जाऊया?" तिने विचारलं.

"दोनदा गेलते. दोन्ही वेळा त्यांनी त्यालाच फोन करून बोलावून घेतलं. म्हणाले, मिटवून घ्या." पूनमने पदर सारखा केला. "माझी ओवी तिसरीत आहे. ढेकळेच लावते. बाप मेला म्हणून सांगितलंय तिला."

"तुम्ही घरी जा. मी तोडते ही जोडणी. नंबर द्या तुमचा."

"नंबर कशाला मागता? सगळं आहेच की तुमच्याकडं."

कोष-केंद्रात ती पोचली तेव्हा कुलथे डबा उघडून बसले होते. मदतवाणीवरची नाझनीन फोन हातात धरून हसत म्हणाली, "मॅडम, एक सर आभार मानतायत. तुम्हीच घ्या, मूठभर मांस चढेल."

"नमस्कार मॅडम, मी किरण ताटे." आवाज नम्र, जवळजवळ लाजरा. "लई उपकार झाले तुमच्या मशीनचे. मिसेस हरवली होती हो माझी, लेकराला घेऊन. डोक्यानं जरा हलकी आहे ती. मेसेजमध्ये नुसतं बार्शी आलंय. घराचा पत्ता तेवढा सांगा."

"पडताळणी चालू आहे. उद्या कळवू."

"उद्या कशाला? मी गाडीतच आहे. आणि कुटुंबप्रमुखाला संध्याकाळपर्यंत अॅपवर पत्ता दिसतो, असं तुमच्याच जाहिरातीत आहे. तुम्हाला त्रास नको म्हणून म्हटलं आधी विचारावं."

फोन ठेवून अश्लेषाने कुलथ्यांना सगळं सांगितलं. कुलथ्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "तोडा की मग जोडणी. त्यात काय."

"तोडते. आणि घटकाभरात कोष परत जोडतो. दुवे तेच आहेत ना. तुटलेलं आपणहून सांधतो, हीच तर त्याची शेखी आपण मिरवली."

"मग निरोप बंद करा."

"निरोप गेला. पत्त्याचा नियम वरून बदलावा लागतो. तुम्ही परवानगी आणता आजच्या आज?"

कुलथ्यांनी तुकडा आमटीत बुडवला. "एक नवा रकाना टाका ना. लपलेली, हो किंवा नाही. हो असेल तर पत्ता दाखवायचा नाही."

"आणि तो रकाना कोण वाचणार? प्रत्येक तलाठी, प्रत्येक हवालदार, आपल्या सगळ्या केंद्रांतली पोरं. राज्यात कुठली बाई नवऱ्यापासून लपली आहे, त्याची आयती यादी. साहेब, ती यादी विकायला किती वेळ लागेल?"

कुलथ्यांनी घास परत डब्यात ठेवला. "मग आणा जुनी आवृत्ती परत. केंद्रापुरती तुम्हाला आणता येते."

तेवढं तिला येत होतं. पण तालुक्यातल्या सगळ्या बायका, तिची आईसुद्धा, पुन्हा दोन-दोन झाल्या असत्या. आणि अश्लेषाला आधी आठवली ती आईची जमीन. पूनम नंतर आठवली. याची तिला लाज वाटली, पण आठवायचा क्रम काही बदलला नाही.

ती यंत्रासमोर बसली. एकच वाट उरली होती आणि ती तिनेच ठेवली होती. अनुमान-किल्ली फक्त जिवंत माणसांना शोधायची. मेलेल्यांची नोंद कोष जशीच्या तशी सोडून द्यायचा, पत्ताही झाकायचा. पूनमच्या नोंदीत 'जिवंत' खोडून 'मृत' लिहिलं की किरण ताटेला काही दिसणार नव्हतं.

तिने पूनमला फोन लावला आणि डाव्या कानाला धरायला सांगितलं.

"म्हणजे मी मेले असं लिहिणार," पूनम म्हणाली.

"कागदोपत्री. रेशन बंद होईल. दवाखान्यात कार्ड चालणार नाही. मत देता येणार नाही. पण तो तुम्हाला शोधू शकणार नाही. पुढे मी यातून मार्ग काढते."

पलीकडून पंख्याचा आवाज येत होता.

"करा," पूनम म्हणाली. "जिवंत म्हणून तरी काय मिळालं मला? सहा किलो तांदूळ. ते पण काट्यावरच राहिले."

अश्लेषाने 'मृत' लिहिलं. बदल पक्का करण्याआधी कोषाने, सभ्यपणे, एक चौकट पुढे केली. नव्या आवृत्तीतली ही आणखी एक सुधारणा. कुणाचीही नोंद लटकत राहू नये म्हणून एक नोंद संपली की तिच्यावर अवलंबून असलेली नोंद आपोआप पुढच्या माणसाच्या नावावर लागायची. चौकटीत लिहिलं होतं: अवलंबून नोंद एक. ओवी, वय आठ. नवे पालक, किरण ताटे. शाळेला आणि पालकांना कळवले जाईल.

"केलं का?" पूनमने विचारलं.

अश्लेषाने बटणावरचं बोट काढून घेतलं. कुलथे डबा तसाच टाकून तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी चौकट वाचली आणि मान दुसरीकडे फिरवली.

"काय झालं? काय लिहिलंय तिथं? वाचून दाखवा मला."

अश्लेषाने वाचून दाखवलं. एकही शब्द गाळला नाही.

पूनम रडली नाही. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे मी जिवंत राहिले तर तो मला येऊन धरणार, आणि मेले तर माझी पोरगी तुम्हीच त्याच्या घरी पोचती करणार. मॅडम, एवढं सगळं बनवताना बाईनं राहायचं कुठं, हे तुमच्यापैकी कुणी ठरवलं होतं का?"