काळं तोंड आणि दोन वेढे

भाऊजींच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची गोष्ट. भाऊजी नातवंडांची दुपटी वाळत घालत होते. दारात एक म्हाताऱ्या बाई उभ्या राहिल्या. हातात काठी, नाकावर राग.

"खासगी तपास करणाऱ्या घारूताई इथंच ना?"

घारूताई म्हणजे भाऊजींच्या वहिनी. नजर घारीची, म्हणून ते नाव.

बाईंचा जन्म दगडांतले पतंग, म्हणजे फुलपाखरांच्या जातीतल्या किड्यांचे जीवाश्म, अभ्यासण्यात गेला होता. "फुलं जन्मली नव्हती त्या काळच्या खडकात मला पतंग सापडला. सोंडेसकट! कापडात बांधून संग्रहालयाच्या कपाटात ठेवला. संचालकांनी सभासदांसमोर गाठोडं सोडलं, दगड सुईनं खरवडला, तर रंग निघाला. म्हणे मीच रंगवला. उद्याच्या सभेत माफी मागा, नाहीतर तुमचे सगळे दगड बाहेर फेकतो."

"मागून टाका की," भाऊजी बोलून गेले. "दोन शब्दांनी काय झिजतं?"

"पाठीचा कणा झिजतो!"

घारूताई हसल्या. "सोंड कशी आहे, कुणाला सांगितलंत?"

"कुणालाच नाही. सोंड आहे, एवढंच म्हटलं. बाकी दाखवणारच होते."

संग्रहालयात भाऊजींनी भिंगातून दगड पाहिला. पंखांवर तपकिरी पट्टे. डोक्याच्या जागी नुसता काजळासारखा काळा डाग.

कपाटाची किल्ली दोघांकडेच होती, संचालकांकडे आणि संग्रहालयाच्या चित्रकाराकडे. चित्रकार रडकुंडीला आला होता. "रंग माझाच, लाखेचा. बाटली उघड्यावर असते. पण हे काम माझं? सारवल्यासारखे पंख! ताई, पोटावर पाय देऊ नका."

संचालक खुर्चीतून हलले नाहीत. "मी दगड पहिल्यांदा पाहिला तो सभासदांसमोरच. बाईंना म्हातारचळ लागलाय. फूल नाही आणि पतंगाला दोन वेढ्यांची सोंड? करायची काय, पाठ खाजवायला? माझ्या पुस्तकात स्पष्ट आहे. आधी फूल, मग सोंड. छापायलाही गेलंय."

बाहेर पडताच भाऊजी म्हणाले, "चित्रकारच! रंग त्याचा."

"सुरी शेजारणीची, म्हणून कांदा तिनंच चिरला का? भाऊजी, तुम्ही कंपाउंडर होतात ना? उद्या स्पिरिट आणि कापूस घेऊन या."

दुसऱ्या दिवशी सभेत घारूताईंनी भाऊजींनाच विचारलं, "बाईंना खोटा पतंग करायचा असता, तर ठळक काय रंगवलं असतं?"

"सोंड. वाद तिचाच आहे."

"आणि इथं नेमकं तोंड काळं केलंय. ज्याला सोंड दिसायला नको होती, त्यानं खऱ्यालाच खोट्याचं सोंग दिलं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, दगडातला पतंग नाही. पुसा."

भाऊजींनी जपून कापूस फिरवला. काळं उतरलं. खाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी नाजूक सोंड होती. दोन वेढ्यांची.

"अगंबाई," कुणीतरी पुटपुटलं.

"साहेब, काल 'दोन वेढे' तुम्ही म्हणालात. बाईंनी ते सांगितले नव्हते, रंगाखाली ते दिसत नव्हते. म्हणजे रंग लागण्याआधी गाठोडं तुम्ही सोडलं होतं. हा दगड खरा, तर तुमचं पुस्तक रद्दी."

संचालक खुर्चीतून उठले. "बाई, चुकलो. आपसात मिटवू."

बाईंनी काठी आपटली. "फुलं नव्हती तेव्हा ही जात झाडांवरचे गोड थेंब पिऊन जगली. तुमच्या पुस्तकाची वाट बघत थांबली नाही. मिटवायचं काही नाही. दगड दारातच मांडा, येणाऱ्याला आधी तोच दिसू दे."

दगड दारात मांडला गेला. माफी बाईंनी मागितली नाही, संचालकांची घेतलीही नाही.

जुळं रांगायला लागलं, त्या महिन्यात बाई वारल्या.