लेम्पीकाकूंच्या छपरावरचं वजन

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणे. लेम्पीकाकूंच्या घराचे वासे बिचारे नुसते वाकले होते. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठी बर्फ पडतो तो छातीएवढा. "हे छप्पर तुझ्या डोक्यावर कोसळेल, हिवाळ्याआधी शहरात चल," म्हणून मुलगा मागे लागलेला. काकूंना मरेपर्यंत इथंच राहायचं होतं. म्हणून त्यांनी शेजारच्या रैनो सुताराला बोलावलं.

रैनो माळ्यावर खुशीत होता. ताज्या लाकडाचा वास, खालून कॉफीचा. वाशाखाली जॅक लावायचा, वासा हळूहळू उचलायचा, मग त्याच्या अंगाला नवी फळी ठोकायची. सगळे वासे शहाण्यासारखे उठले. काकूंच्या खुर्चीवरचा तेवढा एक हटून बसला. जॅक कुरकुरला, वासा तसूभर हलेना. बाहेर तर अजून बर्फाचा कणही नव्हता.

"काकू, वर काय ठेवलंय हो?"

"उर्हो असेल. थांब, सरकायला सांगते."

उर्हो म्हणजे काकूंचा नवरा. गेल्या हिवाळ्यात छपरावरचा बर्फ ओढायला चढला, तो वरच गेला. रैनोला हसू आलं.

काकूंनी मान वर केली. "उर्हो, जरा बाजूला हो..."

छपरावर पावलं वाजली. वासा अलगद उठला.

फळी रैनोने कशीबशी ठोकली आणि तो खाली आला. काकूंनी वेलदोड्याचा गोड पाव पुढे केला.

"भ्यायलास?"

"नाही... म्हणजे, हो."

"अरे, तो कुणाला त्रास देतो का? बसून असतो आपला. बरं, छप्पर आता किती पेलेल?"

"हिवाळाभराचा बर्फ. वर एखादा माणूस."

"दोघं?"

रैनोने पाव खाली ठेवला. "दोघं... नाही पेलणार."

"मग आणखी फळ्या लाव. घाई नाही. तो थांबलाय माझ्यासाठी." काकूंच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की रैनोला तिकडे बघवेना.

"फळ्या संपल्या, काकू. उन्हाळ्यात बघू," तो म्हणाला. धडधडीत खोटं. दाराबाहेर अख्खा गठ्ठा पडला होता.

"बरं," काकू म्हणाल्या आणि त्याच्या कपात आणखी कॉफी ओतली.

वरची पावलं छपराच्या कडेपर्यंत गेली, थांबली. मग दाराबाहेर कुणीतरी एक फळी उचलली आणि भिंतीला घासत, सावकाश वर न्यायला लागलं.