नळीत ठोकलेली सुपारी

ते मोबाईल आधी खाली ठेवा. आणि क्षितिज, दूध ढवळत राहा, साय धरते. कोजागरीला जागायचं म्हणून बार्बेक्यू पिटवर जमायचं आणि तिथे बसून व्हिडिओ बघायचे, असलं जागरण तुमच्याच पिढीला सुचू शकतं. केळीच्या झाडातली बाई, पांढरे कपडे, मोकळे केस... ती इथल्या शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. तिला आता कोण घाबरतं?

मी सांगतो ते घडलेलं आहे. आपल्याच ब्लॉकमध्ये, माझ्या शेजारच्या घरात.

"आपल्या कॉन्डोत, काका? कॅनॉट बी लाह," असं वल्लरीने म्हणून झालं असेल तर पुढे बोलतो.

विश्वास आठवतो का तुम्हाला? त्याची बायको उल्का, मुलगी श्रिया. आता सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकाला, हौगांगला राहतात. विश्वास बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. काम काय, तर धोका मोजायचा. दिवसभर लोकांचा धोका मोजायचा आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःचा वाढवायचा. मला त्या माणसाचा राग कधी आला नाही. रागाला समोरचा जरा तरी तोलामोलाचा लागतो. मला त्याच्याबद्दल तुच्छता वाटायची. अजूनही वाटते.

त्याने २०१६ साली एक गाडी घेतली. साधी नाही, मोटरहोम. आत पलंग, ओटा, पडदे, सगळं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांची जुनी इंग्लिश गाडी. या बेटावर सकाळी चहा पिऊन निघालात तर दुसरा चहा प्यायच्या आत समुद्र लागतो, तिथे या गृहस्थाला चाकांवरचं घर हवं होतं. दिवाळीच्या सुट्टीत बायको-मुलीला घेऊन मलेशियात, कॅमेरॉनच्या डोंगरात जायचं, असा बेत.

गाडी क्वीन्सटाउनच्या एका म्हाताऱ्याची होती. मिस्टर परेरा, शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर. एका सकाळी ते गाडीतच सापडले. खाली कार पार्कमध्ये, ड्रायव्हरच्या सीटवर, ताठ बसलेले. गेलेले. गाडी त्यांच्या मुलीने विकली. विकताना ती उल्काला म्हणाली, पप्पा कधी कुणावर ओरडले नाहीत. कुणी चुकलं की नुसतं जिभेने च्... च्... करायचे आणि लोखंडी पट्टीने बाकावर तीनदा ठोकायचे. पोरं त्यालाच घाबरायची.

एवढं लक्षात ठेवा.

एका रविवारी मी जुने पेपर टाकायला खाली बेसमेंटला गेलो, तर विश्वास त्या गाडीखाली आडवा. फरशीवर लाल तेलाचं थारोळं. मला बघून म्हणाला, "काका, गिअरबॉक्स गळतोय. तुम्ही जहाजावर होतात ना, जरा बघता का?"

मी बघितलं. जन्म इंजिनरूममध्ये गेला माझा, त्यात बघण्यासारखं फार नव्हतं. नीट ऐका, पुढे लागेल. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल तापलं की फुगतं. आतली हवा बाहेर जायला वरती एक नळी असते, या जुन्या गाडीत चांगली अंगठ्याएवढी. गिअरबॉक्स त्या नळीने श्वास घेतो म्हणा. तेल प्रमाणात असलं तर नळीतून फक्त हवा येते. जास्त झालं तर आत घुसळून त्याचा फेस होतो आणि तो फेस नळीतून बाहेर पडतो. या पठ्ठ्याने गाडी गार असताना, गरम तेलासाठी असलेल्या खुणेपर्यंत तेल ओतलं होतं. तापल्यावर ते मावणार कुठे?

मी म्हटलं, "तेल जास्त झालंय. काढ थोडं. नळी साफ ठेव. गळणं थांबेल."

तो हसला. मला, हसला. म्हणाला, "काका, गळतंय म्हणजे तेल कमी होतंय. म्हणून तर मी रोज थोडं घालतोय. मी खूप व्हिडिओ बघितलेत यावर."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा. मी तिथून निघालो.

मग दसरा आला. उल्काने गाडीची पूजा केली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, आणि पानावर गणपती म्हणून सुपारी. कॉन्डोच्या मॅनेजमेंटची बाई तोवर दोनदा येऊन फरशीवरच्या डागांवरून बोलून गेली होती. विश्वासला डाग बंद करायचे होते. गळतं कुठून? नळीतून. मग नळीच बंद करू! त्याने बोळा कोंबून बघितला, तो निसटला. आणि मग त्याची नजर पूजेच्या पानावर गेली. सुपारी उचलली, नळीच्या तोंडाशी धरली. माप बरोबर जुळलं.

हसू नकोस, धवल. त्याला ते फार हुशारीचं वाटलं. तेलही थांबलं आणि देवही गाडीत राहिला! सगळ्यांची विघ्नं दूर करणाऱ्याला त्या माणसाने बूच करून बसवला.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर उल्काने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वासने गाडीचं दार उघडलं, तर सुपारी डॅशबोर्डवर. मधोमध. पुसून स्वच्छ केलेली.

त्याने श्रियाला झापलं. आठ वर्षांची पोर, ती गाडीखाली सरपटत जाऊन नळीतून सुपारी काढेल? पण याला कुणीतरी चुकलेलं हवंच असतं, आणि ते कधी तो स्वतः नसतो. पोरगी रडत राहिली. याने सुपारी परत ठोकली.

परत डॅशबोर्डवर आली. परत मधोमध. वर्गात एखाद्या पोराची गोटी काढून घेऊन मास्तर टेबलावर ठेवतात ना, तशी.

तिसऱ्यांदा त्याने काळं सीलंट आणलं. सुपारीला फासलं, हातोडीने आत ठोकलं, रात्रभर सुकू दिलं. दगडासारखं झालं. सकाळी डॅशबोर्ड रिकामा होता. विश्वास खूश. उल्का मात्र म्हणाली, ती डबे ठेवायला गाडीत शिरली तेव्हा पायाखालून आवाज आला. च्... च्...

तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, पाल असेल. तीही म्हणाली, असेल. पण पाल भिंतीवर असते, तळाखाली नाही, हे तिला कळत होतं.

आता ती रात्र. अठ्ठावीस ऑक्टोबर, शुक्रवार. धनत्रयोदशी.

तुमच्या घरी लावतात का यमदीप? नसतील लावत. त्या संध्याकाळी कणकेचा दिवा करून घराबाहेर दक्षिणेकडे वात करून ठेवायचा. घरातल्या कुणाला अवेळी मरण येऊ नये म्हणून. उल्काने तो आपल्या दाराबाहेर, पायपुसण्याच्या कडेला ठेवला. मला म्हणाली, "काका, आम्ही येईपर्यंत तो हलवू नका हं. विझला तरी तिथेच राहू दे." मी हो म्हटलं. विश्वास लिफ्टचं बटण दाबून उभा होता. म्हणाला, "चल लवकर, कॉजवेला रांग लागेल."

गेले.

कॉजवेच्या पुलावरून मलेशियात शिरायला रांग होतीच. मग हायवे. रात्रभर गाडी बरी चालली. उल्का आणि श्रिया मागे पलंगावर. विश्वास एकटा पुढे. शेजारची सीट रिकामी.

घाट लागला तेव्हा उजाडायला बराच वेळ होता. काळोख. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. चढ लागला तसा गिअरबॉक्स तापायला लागला. तेल फुगलं. हवा कोंडली. नळी बंद. आत दाब चढत होता, आणि त्याखालून सायलेन्सरचा पाइप जात होता, लाल होईतो तापलेला. कोंडलेलं तेल सील फोडून त्याच्यावर पडलं असतं तर गाडी पेटली असती. पलंग, पडदे, गॅसची टाकी. आणि आत ती पोर.

धोका मोजणारा माणूस गाडी चालवत होता.

जळका वास आला. उल्काने विचारलं, "वास कसला येतोय?" तो म्हणाला, "जुनी गाडी आहे, येणारच."

तेवढ्यात श्रिया उठून बसली. तुम्हाला माहीत आहे ही पोरं कशी बोलतात. म्हणाली, "बाबा, अंकल सेज स्टॉप."

"कोण अंकल?"

"द वन बिसाइड यू. ही नॉट हॅपी लाह."

विश्वासने शेजारी बघितलं. सीट रिकामी होती.

"झोप तू," तो म्हणाला. गाडी थांबवली नाही. बरं का, गाडी थांबवली नाही त्याने.

च्... च्...

या वेळी विश्वासनेही ऐकलं. पुढून. अगदी जवळून. त्याने रेडिओ लावला.

हे मला उल्काने सांगितलं तेव्हा मी त्या माणसाला मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या तुमच्यासमोर उच्चारता येणार नाहीत. पोर सांगते थांब, बायको सांगते वास येतोय, आणि हा गाणी ऐकतो.

"बाबा," श्रिया म्हणाली. "ही नॉट सिटिंग एनीमोर."

विश्वासने रेडिओचा आवाज वाढवला.

"ही वेंट डाउन. अंडर."

आणि मग तळाखालून...

ठक.

ठक.

ठक.

लोखंडावर लोखंड. सावकाश. शिस्तीत.

रेडिओ बंद पडला.

विश्वासच्या डोळ्यांसमोर गिअरचा दांडा हलला. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. दांडा हलला... आणि न्यूट्रलला गेला. गाडीचा जोर गेला. चढावर गाडी मंदावली, थांबली. आता मागे घसरणार. मागे वळण. वळणाच्या मागे दरी.

घसरली नाही.

हँडब्रेक वर ओढलेला होता.

विश्वासने ओढला नव्हता.

मग खालून एक लांब आवाज आला. फुस्स्स... बराच वेळ. कोंडलेला श्वास सुटावा तसा. उल्काने पोरीला उचललं आणि दार उघडून रस्त्यावर उडी मारली. विश्वासही उतरला. बॅटरी घेऊन वाकला.

खाली लाल तेल सांडत होतं. पण नळीच्या तोंडातून, पाइपपासून लांब, रस्त्यावर. नळी उघडी होती. सुपारी नव्हती. सीलंट नव्हतं.

आजूबाजूला शोधलं. सापडली नाही.

सकाळी खालच्या गावातला चिनी मेकॅनिक आला. गाडीखाली जाऊन आला आणि विश्वासला एवढंच विचारलं, "नळी कुणी उघडली? ती बंद राहिली असती ना, तर तू आज इथे उभा नसतास." विश्वासने किल्ली त्याच्या हातात ठेवली. गाडी त्यालाच देऊन टाकली आणि तिघं बसने परत निघाले.

प्रवासातलं हे सगळं मी ऐकलेलं. आता मी पाहिलेलं.

शनिवारी सकाळी मी पेपर घ्यायला दार उघडलं तेव्हा यमदीप विझलेला होता. वात जळून गेली होती, तेल संपलं होतं. आत काही नव्हतं. मी वाकून बघितलं होतं, कारण उल्काने सांगितलं होतं हलवू नका, आणि मला मुंग्यांची काळजी. हलवला नाही. दिवसभर घरीच होतो. माझं दार उघडंच असतं, तुम्हाला ठाऊक आहे.

रात्री ते आले. श्रिया विश्वासच्या खांद्यावर झोपलेली. लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या विश्वास सुरू झाला. "काका, मोठं संकट टळलं. गिअरबॉक्स पेटणार होता. मी वेळेत गाडी थांबवली म्हणून वाचलो. असं आहे, धोका आधी ओळखता यायला हवा."

पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. मेलेला माणूस मुद्दाम परत येऊन शिकवून गेला, तरी हा तसाच.

मी काही बोलणार होतो. पण उल्का दिवा उचलायला वाकली होती... आणि तशीच राहिली. वाकलेली. हात अर्ध्यावर.

मी जवळ गेलो.

दिव्याच्या खळग्यात सुपारी होती. मधोमध. पुसून स्वच्छ केलेली. तिच्याभोवती काळ्या सीलंटचं कडं... अखंड. कुठेही तुटलेलं नाही.

विश्वास म्हणाला, "कुणीतरी..."

आणि गप्प झाला. पहिल्यांदाच.

मी कणकेला हात लावला. गार, कडक, आदल्या रात्रीची. मग सुपारी उचलायला दोन बोटं पुढे केली.

हे बघ, वल्लरी. अंगठा आणि हे बोट. माझा हात उजेडात धर.

दिवा गार होता. सुपारीने बोटं भाजली.