लल्लनच्या नावेचं पिंप

दार लोटून घ्या आणि ते मोबाइल पालथे ठेवा. यज्ञेशची गोष्ट सांगतोय, आपल्या रामघाटावरच्या. बँकेत माझ्या शेजारी बसायचा, तेव्हा ऐकीव काही नाही.

त्याला घरी जांभळाची वाईन करायचा भारी नाद. बरणीत ती मुरत नाही, लाकडी पिंपच हवं, म्हणून मागच्या थंडीत एका रविवारी आम्ही गंगेपलीकडे रामनगरला गेलो. सुताराने पिंप तयार ठेवलं होतं. ते थोपटत म्हणाला, "लल्लन मल्लाह की नाव का पटरा है, बाबू. बरसों पानी पिए है, एक बूँद नहीं रिसेगा."

त्याच्या आदल्या वर्षी धुक्यात कुणाच्या तरी मोटारबोटीने लल्लन नावाड्याची नाव फोडली होती; तिच्याच फळ्यांचं हे पिंप. लल्लन बुडाला. बोट कुणाची, ते कळलंच नाही. यज्ञेशचा चेहरा उतरला. नको असेल तर राहू दे, मी म्हटलं. पण चोराच्या मनात चांदणं. नाही म्हटलं तर मी कारण विचारीन, या भीतीने त्याने मुकाट्याने पिंप उचललं. हे मला फार उशिरा समजलं.

वाईन मुरली. त्याने दोन पेले भरले. माझ्यात वाईन, त्याच्यात गढूळ पाणी. आम्ही पेले बदलले. माझ्या हातात आला तो पेला जांभळा झाला, त्याच्या हातातला गढूळ.

मग चहा तसाच. दूध तसंच. औषधसुद्धा. घोट घेतला की शेवाळाची ओकारी. डॉक्टरांनी सलाईन लावली, तर नळीत गाळ... आठवड्यात माणूस वाळून गेला.

मौनी अमावास्येची रात्र. पावणेदोन वाजले होते. उशाशी मी आणि त्याची बायको आनंदी. त्याने मला खाली वाकायला लावलं.

"बोट मीच चालवत होतो. प्यालेला होतो. तो पाण्यातून म्हणत होता, बाबू, हाथ दीजिए... मी बोट वळवली."

आनंदीने तोंडावर पदर धरला. मला त्याची किळस आली, खरं सांगतो.

"काशीत मरतोय," तो म्हणाला. "शेवटी तोंडात गंगा पडू दे. एवढंच."

आनंदीने देवघरातल्या गंगेच्या गडूचं सील फोडलं. पाणी निर्मळ. मी तुळशीपान ठेवलं. पळी भरली. ओठांपर्यंत निर्मळ.

तोंडात गेलं...

खोलीभर जांभळांचा वास सुटला.

त्याला चव कळली. डोळे विस्फारले. मान हलवून तो नको, नको म्हणत होता... ओठाच्या कडेने जांभळी धार उशीवर उतरली. मी पुन्हा पळी भरली. पुन्हा तेच.

मग काहीच नाही.

काशीत जन्मला, काशीत मेला, आणि गंगेचा थेंब मिळाला नाही. लल्लनने याहून मोठा सूड काय घ्यायचा?

पिंप आम्ही फोडून जाळलं. गडूतलं उरलेलं पाणी अजून निर्मळ आहे, आनंदीच्या देवघरात. पळी मात्र तिने घरात ठेवू दिली नाही. चिंच लावून झाली, राख लावून झाली...

ही बघा. आतून अजून जांभळी आणि ओलीच आहे.