तुतवारांना कोण उठवतंय?

“उडाले! पुन्हा उडाले!” चष्मिश ओरडला.

ताईनं दुर्बिणीच्या भिंगांवरचं पाणी पुसलं. अर्ध्या तासातली ही चौथी वेळ! खाडीला भरती आली होती, वारा पिसाटला होता, आणि चिखलाच्या उंचवट्यावर दाटीवाटीनं बसलेले तुतवार पक्षी भेदरून आभाळात उठत होते. ना घार, ना कुत्रा, ना माणूस!

त्या थव्यात एक दुर्मीळ पाहुणा होता. चिमणीएवढाच, पण चोच टोकाला चमच्यासारखी पसरट. तिघं भावंडं सुट्टीला मावशीकडे आली होती. मावशी दवाखान्यात नर्स, पण पक्ष्यांची वेडी. तिनं बजावलं होतं, “भरतीत त्यांना नुसतं बसू द्यायचं. किती लांबून आलेला जीव असतो तो! सारखा उठवला तर गळून मरतो.”

“ताई, तो मागे पडतोय,” धाकटी टिंगू म्हणाली.

थवा परतला. चमचचोच्या सगळ्यांत शेवटी टेकला, तो तोंडावरच पडला.

तिघं बांधावरच्या चौकीकडे धावली. रखवालदारकाका शेगडीपाशी हात शेकत होते.

“काका, कुणीतरी पक्ष्यांना मुद्दाम उठवतंय!”

“अरे, वादळात पक्षी उडणारच. घरी पळा, भिजाल.” दार लागलं.

“साधं बाहेर डोकावले नाहीत!” चष्मिश धुसफुसला.

“मग आपणच शोधू,” ताई म्हणाली.

बांधाच्या कडेनं वाकून जाताना चष्मिशचा पाय अडकला. मासे धरायची बारीक, पारदर्शक दोरी! तिचं एक टोक उंचवट्याजवळच्या गवतात, एका खुंटीला टांगलेल्या रिकाम्या डब्यांना बांधलेलं होतं. दुसरं गेलं होतं पक्षी बघायला बांधलेल्या लाकडी खोलीत. आतून ओळखीचा आवाज आला. फोटोवाल्यांना फिरवणारे वाटाडेकाका!

“कॅमेरे तयार ठेवा हं! आता सगळे एकदम उडतील!”

दोरी ताणली. डबे खडखडले. थवा उठला.

“कालच त्यांनी मला दुर्बीण धरायला शिकवलं,” टिंगू रडवेली झाली.

“दोरी तोडू या!” चष्मिश म्हणाला.

ताईनं त्याचा हात धरला. “नको. ते दुसरी बांधतील. चौकीबाहेर घंटा आहे ना?”

पक्षी परत बसल्यावर ती पोटावर सरपटत खुंटीपाशी गेली. बोटं गारठलेली, गाठ सुटेना. तिनं ती दातांनी सोडवली. वीस पावलांवर चमचचोच्या डोळे मिटून थरथरत होता. ताईनं श्वाससुद्धा रोखून धरला.

दोरी चौकीपर्यंत पुरेना. मग चष्मिशच्या बुटांच्या नाड्या जोडल्या, टिंगूची रिबीन जोडली, आणि टोक घंटेला बांधलं.

टण! टण टण टण!

रखवालदारकाका धावत बाहेर आले. घंटेपाशी कुणीच नाही! ताईनं पुढे होऊन दोरी त्यांच्या हातात ठेवली. तेवढ्यात दोरीला पुन्हा हिसका बसला. काकांचा चेहरा बदलला. दोरी हातातून सरकवत ते थेट त्या खोलीपर्यंत गेले आणि त्यांनी दार उघडलं.

“अडकलीय वाटतं कुठेतरी,” वाटाडेकाका म्हणत होते. दोरीचे वेढे त्यांच्या मुठीत होते.

एका फोटोवाल्यानं कॅमेरा खाली केला. “पक्षी आपोआप उडतात, असं सांगितलंत तुम्ही आम्हाला!”

रखवालदारकाकांनी वाटाडेकाकांचा परवाना काढून घेतला आणि सगळ्यांना खाडीबाहेर काढलं.

ड्यूटी संपवून मावशी आली, तेव्हा काका मान खाली घालून म्हणाले, “बाई, चूक माझी. मुलं सांगायला आली, मी दार लावून घेतलं. माझं काम या तिघांनी केलं. शाबास रे पोरांनो!”

मावशीनं तिघांना जवळ ओढलं. पण टिंगूचं लक्ष चिखलाकडेच होतं.

“मावशी, जगेल ना तो?”

“सांगता येत नाही गं.”

ओहोटी लागली. तुतवार उठून ओल्या चिखलात चोची खुपसू लागले. चमचचोच्या मात्र तसाच बसून होता. मग तो उभा राहिला, झोकांडला, सावरला. दोन पावलं टाकून त्यानं चोच पाण्यात बुडवली आणि डावीउजवीकडे फिरवली.

“जेवतोय!” टिंगू कुजबुजली.