दिव्याकडे बघ

केतन मला पहिल्यांदा भेटला तो आमच्या कॉम्प्युटरच्या टेबलाखाली. बाहेर दिसत होते ते नुसते पाय.

"ही वायर कुणी ओढून काढली?" टेबलाखालून प्रश्न आला.

मीच काढली होती. मुद्दाम.

कारण त्या वेबकॅमवर माझा दाखवण्याचा कार्यक्रम व्हायचा होता. मुलगा, राजीव, न्यू जर्सीला. त्याला रजा मिळेना. मग बाबांनी आमच्या दिल्लीतल्या, द्वारकेच्या फ्लॅटमध्ये कॅमेरा आणला आणि तो जोडायला ऑफिसातल्या मित्राच्या पुतण्याला बोलावलं. तोच केतन. मुनिरक्याला भाड्याची खोली, नोएडाला नोकरी.

पहिल्या रविवारी चित्र आलं नाही. दुसऱ्या रविवारी चित्र आलं, आवाज येईना. दोन्ही रविवारी आम्ही खूप हसलो, थोडं भांडलो, 'तुम्ही'वरून 'तू'वर आलो... आणि मी सोमवारपासूनच रविवारची वाट बघायला लागले. पंचाईत झाली ती तिथे.

तिसऱ्या रविवारी सहाला अमेरिकेचा कॉल ठरला. आई सवयीने पोहे भिजवत होती; ते साता समुद्रापार पोचणार कसे, हे तिला कोण विचारणार? बाबा दाढी करत होते. शेवटची टेस्ट करायला केतन मार्केटमधल्या सायबर कॅफेत गेला आणि सव्वापाचला माझ्या स्क्रीनवर आला.

"खिडकीकडे तोंड कर, चेहरा काळा येतोय. हां, बिल्कुल ठीक," तो म्हणाला. "पण तू खाली बघतेयस."

"तुझ्याकडे बघतेय."

"तेच तर. स्क्रीनवर माझ्याकडे बघितलंस, की इथे तू खाली बघताना दिसतेस. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं असेल, तर वर कॅमेऱ्याच्या दिव्याकडे बघायचं."

"मग तू मला दिसणार नाहीस."

त्याचे ओठ हलले, आवाज मागाहून आला. "कृतिका... कॅमेऱ्यात काहीच बिघाड नव्हता. दहा मिनिटांचं काम होतं. मीच लांबवलं. आता आणखी नाही लांबवता येत, यार."

मी घड्याळ पाहिलं. पाच चोवीस. बाथरूममधला नळ बंद झाल्याचा आवाज आला, म्हणजे बाबा कोणत्याही क्षणी बाहेर येणार. मी नजर उचलून त्या हिरव्या दिव्यावर लावली.

"मलाही हा कॉल नको आहे," मी म्हणाले. "मला तू आवडतोस, केतन."

एवढं बोलले, पण त्याचा चेहरा काही दिसला नाही. धीर करून खाली पाहिलं, तर स्क्रीनवर रिकामी खुर्ची.

ऐकून पळाला... की ऐकायच्या आधीच उठला? फोन करायचा तर नेट चालू असलं की आमची लाईन अडलेली. बाबांनी विचारलं, सगळं ओके ना? मी हो म्हटलं. आई येऊन पदराला पिन लावायला लागली. मला रडू येत होतं आणि रडले असते तर काजळ पसरलं असतं.

पावणेसहाला बेल वाजली. दारात केतन, धापा टाकत.

"काय रे, काही बिघडलं का?" बाबांनी विचारलं.

"नाही काका, कॅमेरा उत्तम चालतोय. पण हा कॉल करू नका. मला कृतिकाशी लग्न करायचंय. हे मी आधीच सांगायला हवं होतं, माझं चुकलं."

आई मटकन खुर्चीत बसली. बाबा माझ्याकडे वळले. एकतीस वर्षं केंद्र सरकारची नोकरी. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय ते सही करत नाहीत.

"तुझं काय म्हणणं आहे?" त्यांनी मला विचारलं. महिनाभरात हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

"मला केतन हवाय, बाबा." पुन्हा बोलले. आणि या वेळी त्याचा चेहरा बघत बोलले.

बाबांनी नेट बंद केलं, न्यू जर्सीला फोन लावायला रिसीव्हर उचलला आणि केतनकडे न बघताच म्हणाले, "आत ये आधी. अशी उंबऱ्यावरून कुणी मागणी घालतं का?"